व्हिनियर

भवानी पेठेतून पांचाळ आले,
पिशवीत चपडी लाख, स्पिरिट, आणि एक अक्रोड.
म्हणाले, पॉलिशपेपर लावू नका ताई,
वरचा साग कागदाएवढा,
खाली सगळा प्लायवूड.
मी उगाच पदर सावरला.

अक्रोडाचा गर फिरला,
किल्ल्यांचे ओरखडे तेल पिऊन झोपले.
कपाच्या पांढऱ्या वर्तुळावर बोळा
आठाचे आकडे काढत राहिला;
हात थांबला की चिकटतो, म्हणे.

मग मधला गडद चौकोन.
"इथं काय असायचं?"
यांचा टाइपरायटर.
"बाकीचं उडालंय, हेच तेवढं मूळ रंगाचं.
बाकीच्याला याच्याशी जुळवू, की याला बाकीच्याशी?"

चहा टाकते म्हणून मी आत गेले.
"बशीसकट आणा," ते मागून ओरडले.