सहा इस्पिक

मंगळवार. हेक्सहॅम. मेथडिस्ट चर्चचा मागचा हॉल.
हीटर खाकरतो. चहाच्या पिंपाला झाकण नाही.
नऊ टेबलं, आणि छत्तीस माणसं
तोंड मिटून बोलतायत.

इथली भाषा अडतीस शब्दांची.
एक किलवरपासून सात बिनहुकमीपर्यंत पस्तीस,
वर पास, डबल, रिडबल.
खोक्यातून पुठ्ठा काढायचा, टेबलावर ठेवायचा.
उच्चारच नाही, म्हणून माझा चुकत नाही.
इथल्या इस्पितळात एकतीस वर्षं भूल दिली मी;
'काय म्हणालात?' असं कुणी विचारत नाही
अशी जागा मला ही एकच सापडली.
(स्कोअरशीटवर 'टिल्लू' मात्र दर आठवड्याला नव्यानं चुकतं.)

सातवा बोर्ड. पत्ते उचलले, लावले,
पुन्हा मोजले.
इस्पिकचे एक्का राजा राणी गुलाम, शेपटाला सत्ती.
बदामचे एक्का-राजा. चौकटचे राजा-राणी.
किलवरचा एक्का.
सव्वीस पॉइंट!
मिरजेला असते तर ओरडले असते.
मेंढीकोटात भाऊ भिवई उडवायचा, मी नाक खाजवायचे,
आणि चारी मेंढ्या आमच्या गोठ्यात.
इथे चेहरा इस्त्री करून ठेवायचा.

समोर नॉरिस डॉड. अकरा वर्षं भागीदार,
त्याआधी जन्मभर रेल्वेचा सिग्नलमन.
एवढा भक्कम हात आला की
आहे ते दिसेनासंच होतं;
नाही तेवढंच डोळ्यांसमोर नाचतं.

दोन किलवर, मी. म्हणजे: नीट बस, मोठं काही आलंय.
दोन चौकट, तो. म्हणजे: ऐकतोय, बोल.
दोन इस्पिक.
तीन इस्पिक.
चार बिनहुकमी: एक्के किती?
पाच चौकट: एक.
म्हणजे चौकटचाच. चारी घरात.
पाच बिनहुकमी: आणि राजे?

इथे तो थांबला.
हात खोक्यापाशी गेला, परत आला, पुन्हा गेला.
मिसेस हेपलनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
सहा किलवर. एकही नाही.

नियम असा की भागीदाराचा उशीर
तुझ्यापुरता झालेलाच नाही.
पण झाला होता. मी तो ऐकला होता,
ऑपरेशन टेबलाशी दोन श्वासांमधला ऐकायचे तसा.
नसलेल्या राजाला इतका वेळ कोण शोधतं?
पुठ्ठ्यावर न मावणारं काहीतरी आहे त्याच्याकडे:
चौकट लांब असेल, बदाम दोनच असतील.
सात म्हणायला बोटं शिवशिवली,
म्हणूनच नाही म्हटलं.
चोरून कळलेलं खर्चायचं नाही.
सहा इस्पिक.
पास, पास, पास.

किलवरची राणी आली, आणि नॉरिसनं डमी मांडला.
चौकट पाच, एक्क्यासकट. बदाम दोनच.
पण मी पानं बघत नव्हते.
त्याला रांग लावता येईना. एक्का तिरका पडला,
सरळ करायला गेला तर अट्ठी सरकली.
अंगठा आणि तर्जनी
न दिसणारी गोळी वळत होती.

पुठ्ठा सुटत नव्हता त्याला. एवढंच.
अकरा मंगळवार असतील, की जास्त,
समोर तीन फुटांवर, आणि मी डॉक्टर.

तेरा हात झाले. तेराच्या तेरा.
पलीकडच्या टेबलांवर सात बोलले होते.
"सातच होतं हो ते," मिसेस हेपल म्हणाल्या,
बिस्किटाची बशी पुढे करत.

वाटून आलेला हात, जिंकलेला हात,
थरथरणारा हात: आमच्याकडे एकच शब्द.
हे नॉरिसला कधी सांगितलं नाही.

पार्किंगमध्ये टाइनचं धुकं चढत होतं.
जुनी गाडी, किल्लीनं उघडायची.
पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली.
मी मोबाइलचा उजेड धरला
आणि 'कधीपासून?' हे गिळलं.
"डॉक," तो म्हणाला, "पुढच्या वेळी सात म्हण."

फाटक उघडंच होतं.
तरी त्याची गाडी रुळांपाशी थांबली,
बराच वेळ,
मग गेली.