खिळा

सकाळी सातला ईरण्णाचा फोन.
"भाटकार, भिंतीला एक खिळा मारू का?
पोरीची रॅकेट टांगायची आहे."

भाटकार!
वास्कोत मांगोरच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
माझे पंचावन्न चौरस मीटर.
त्यातही बाल्कनीच्या कठड्यावर बंदराचा कोळसा
रोज पहाटे आपला हक्क सांगून जातो.
एवढ्यावर मी भाटकार झालो.

माझा बाप मुंडकार होता.
बोरीकडे, दुसऱ्याच्या भाटात, मातीच्या चार भिंती.
दारात शेवगा लावायचा म्हणून
तो भाटकाराच्या बाल्कांवाखाली उभा राहिला
ओळीने चार रविवार,
टोपी हातात, मागे मी.
वरून कॉफीचा वास खाली यायचा
आणि एकच शब्द : "फाल्यां."
पाचव्या रविवारी परवानगी मिळाली.
तोवर फांदी वाळून चुलीत गेली होती.

बंदरावर तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांची पोती मोजली,
हिशेब मला जमतो.
फ्लॅट अठ्ठावीस लाखांचा, भाडं चौदा हजार,
म्हणजे वर्षाला सहा टक्के. कागदावर.
सोसायटी, घरपट्टी, नळ, रंग वजा जाता
हातात पाचाला थोडे कमी.
फ्लॅट एक महिना रिकामा राहिला
की अर्धा टक्का गेला.
इतरांना अथर्वशीर्ष पाठ असतं, मला हे.

आग्नेलने बोगमाळोचा फ्लॅट पर्यटकांना दिला.
रात्रीचे साडेतीन हजार, डिसेंबरात सहा.
मला म्हणतो, तू पिसो.
जूनमध्ये तोच आग्नेल
बुरशी लागलेल्या गाद्या उलट्या करत बसतो,
टॉवेल मोजतो,
पाहुण्यांनी लिहून ठेवलेल्या शिव्या वाचतो.
माझ्या खिडकीत सहा वर्षं
रोज रात्री दिवा आहे.

गीझर बिघडला त्याच संध्याकाळी
मी वायरमनला घेऊन हजर. बावीसशे रुपये.
बायको म्हणाली, किती चांगले हो तुम्ही.
मी गप्प.
नुसता चांगुलपणा असता
तर वहीत लिहिला असता का?

भाडेकरूचा फॉर्म द्यायला आम्ही दोघे ठाण्यात गेलो होतो.
शिपायाने मला खुर्ची दिली, त्याला उभा ठेवला.
मी बसलो.
याला कुठल्या रकान्यात टाकू, अजून कळत नाही.

अकरा महिने संपले की
मी जिन्यात वाक्य घोळवत चढतो :
"यंदा सातशे वाढवू या."
ईरण्णा क्रेनवर बसून टनांचा अंदाज घेणारा माणूस,
माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, पाचशे.
सहाशेवर तुटतं.
शांतव्वा चहात साखर
नेहमीएवढीच घालते. बघतो मी.

तर, खिळा.
फोनवर मी "फाल्यां" म्हणणारच होतो.
ऊन होतं, बँकेत जायचं होतं,
शब्द ओठापर्यंत आला
आणि मी अचानक दोन्ही जागी उभा,
बाल्कांवात वरही, खालीही.

ड्रिल घेऊन चढ चढलो.
म्हटलं, अरे, एवढ्यासाठी विचारायचं कशाला?
त्याने कपाटातून करार काढला,
कलम नऊवर बोट ठेवलं :
मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीस खिळा मारू नये.
टाइप मीच करून घेतलं होतं.

पहिलं भोक चुकलं. बशीएवढं प्लास्टर खाली आलं.
"डिपॉझिटमधून कापणार नाही,"
मी जरा मोठ्यानेच म्हणालो.
पोरीने रॅकेट टांगली, वाकडी,
आणि लगेच काढून खेळायला पळाली.

घरी येऊन वही उघडली.
प्लास्टर : दीडशे.
कलम नऊभोवती पेन्सिलीने गोल केला.
पेन्सिलीनेच.