रकाना क्रमांक चौदा

तिथली मध्यरात्र सोहारला साडेदहालाच होते.
अर्जाची शेवटची तारीख
दीड तास आधी संपते माझ्या खोलीत,
एसीखाली, पौलोसच्या घोरण्यात,
दोन बंक आणि एक इस्त्रीचं टेबल यांच्या मधे.

दिवसा मी बंदरावर कंटेनरचे आकडे जुळवतो.
रात्री दत्ताराम गुरवांची वही,
फोटो काढून पाठवलेली, एका पानावर त्यांचाच अंगठा:
आयोडीन. कापूस. सलाइन सहा.
जीपचं डिझेल, जीप आली तेव्हा.
दोरी, डोलीसाठी, दोनशे चाळीस.
दोरी, परत.

अर्ज विचारतो, लाभार्थी किती.
अर्ज विचारतो, प्रकल्प संपल्यावर काय टिकेल.
ठकुबाई झोरे फोनवर म्हणाली,
"माणसं टिकतील की रं. दुसरं काय टिकवायचं हाय?"
ते इंग्रजीत घालायला बसलो
आणि अर्धी रात्र 'माणसं' या एका शब्दापाशीच गेली.

इथे वर्गणी काढता येत नाही.
कॅम्पात आम्ही चाळीस कोकणी,
शुक्रवारच्या बांगड्याच्या कालवणाशेजारी
एक रिकामी ताटली ठेवली
तर दोन-दोन रियाल सहज पडतील.
पण परवान्याशिवाय पैसे गोळा करणं गुन्हा,
आणि माझा व्हिसा माझ्या एकट्याच्या पोटाचा नाही.

म्हणून शोधतो. ट्रस्ट, फाउंडेशनं, कंपन्यांचे निधी.
एकाचं उत्तर आलं: आपला तालुका आमच्या यादीत नाही.
एकाचं: आपली संस्था फार लहान आहे.
एकाचं यायचंय अजून. दोन वर्षं झाली.
पोचपावती जपून ठेवली आहे.

रकाना चौदा: जवळच्या रुग्णालयाचं अंतर, किलोमीटरमधे.
दर वेळी मी अठरा लिहायचो.
अठरा म्हणजे काय,
वाचणाऱ्याचं घर ते ऑफिस.

खल्फान, आमचा सुपरवायझर,
चहाचा पेला घेऊन पडद्यावर वाकला.
मी डोली समजावली: बांबू, घोंगडी, चार खांदे.
तो हसला नाही.
माझ्या आईला डोंगरावरून असंच उतरवलं, म्हणाला,
गाढवावर, धाकटा भाऊ पोटात.
मग अठरावर बोट ठेवून:
हे खोड. तास लिही.

साडेतीन तास, लिहिलं. पावसात सहा.
रात्री कुणी निघत नाही.

पैसे मिळाले नाहीत.
पत्र आलं: बारा दिवसांचं प्रशिक्षण, दोन जागा,
राहणं-जेवण त्यांचं.
जखमा, सर्पदंश, बाळंतपण,
आणि हिशेब कसा ठेवावा.
दत्ताराम फुरंगटले. "शिकून दोरी येणार आहे काय?"
ठकुबाईचा सवाल निराळा:
"बारा दिस माझी शेरडं कोण पिळणार?"

शेरडांसाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही.
शेजारच्या पोराची बारा दिवसांची मजुरी
मी ओव्हरटाइममधून धाडली,
आणि वहीत लिहा म्हटलं.
त्यांनी लिहिलं, दोरीच्या खाली:
शेळ्या, दिवस बारा.
अक्षर जरा रागातलं होतं.

नवव्या दिवशी तिचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड केलेला,
मागे पंखा, बायकांची खुसखुस:
"बीपीचं यंत्र लावाया शिकले.
पयलं मास्तरीणबाईंच्याच दंडाला लावलं.
एकशेऐंशी निघालं.
त्या म्हणाल्या, यंत्र बिघडलंय.
मी दुसरं लावलं.
त्येबी तेवढंच बोललं.
आता तूच सांग,
शिकवणाऱ्या बाईला ह्ये कसं सांगायचं?"

बंदरावर एक जहाज भोंगा देत सुटलं होतं.
इस्त्रीच्या टेबलावर बसून
मी लिहीत होतो, खोडत होतो.
शेवटी एवढंच धाडलं:

आधी त्यांना बसव.
पाणी दे.
मग आकडा सांग.