अडकलेला र

म्हापशाच्या कोर्टामागे, सुक्या बांगड्यांच्या वासात,
लाकडी जिना चढून लवंदे वकिलांची खोली.
मी त्यांचा टंकलेखक.
त्या यंत्राचा 'र' अडकायचा,
म्हणून दर अर्जात 'घर' हा शब्द
मी मागाहून पेनाने पुरा केला.

खटले मुंडकारांचे. फी कधी दोन नारळ,
कधी पिएदादमायच्या पदराआडची सुंगटं,
तीही भाटकाराच्या मानशीतली.
भाटकाराने तिच्या विहिरीला कुलूप घातलं तेव्हा
वकिलांनी पोर्तुगीज अमदानीचा कागद हुडकला,
कोपरे वाळवीने खाल्लेला.
म्हणाले, साहेब, कागद अर्धा आहे,
पण बाईची कळशी पुरी रिकामी आहे.
कोर्ट हसलं. कुलूप निघालं.
जिन्यावरच कुणी तरी म्हणालं,
बाब, तुम्ही उभे राहा.

दोनशे बारा मतांनी आले.
काळा डगला खुंटीवरच राहिला,
श्रावणात त्याच्या कॉलरला पांढरी बुरशी धरली.
मी ती पुसत असे. नंतर नंतर विसरलो.

पहिल्या पाच वर्षांत दोन झेंडे.
'जनहितार्थ', 'विकासार्थ' : पत्रकं मीच टंकली.
रफाराची कळ वेगळी असते,
ती कधीच अडकली नाही.

मग महसूल खातं.
माझा मुलगा वीज खात्यात लागला तो त्यांच्याच चिठ्ठीवर.
आईला खांदा द्यायला ते पर्वरीहून आले होते, अनवाणी.
हेही लिहून ठेवतो.

काल पिएदादमाय जिना चढून आली,
तीन पायऱ्यांमागे एकदा थांबत.
घरामागचा डोंगर कापलाय,
विहिरीत तांबडं पाणी.
हातात रूपांतराचा आदेश, त्याखाली सही,
शेवटची रेघ तशीच खाली ओढलेली,
वकीलपत्रावर असायची तशी.

"वकील खंय आसा?"
मी पर्वरीच्या दिशेला हात केला.
तिने तिकडे पाहिलंच नाही.
"मागीर तारीक कोण घेतलो?"

मुलाचा पगार एक तारखेला होतो.
आज सव्वीस.

यंत्रावरचं फडकं काढलं, कागद चढवला.
अर्जदाराचा पत्ता अडखळत गेला,
तीन ठिकाणी पेन लागलं.
मग प्रतिवादी क्रमांक एक :
मुकुंद वासुदेव लवंदे.
नावात एकही 'र' नाही.
एका दमात उमटलं.