शेंदराचे थर

फॉर्टिट्यूड. म्हणजे धीर.
बापाच्या जिभेवर हे नाव कधी बसलं नाही,
तो नुसतं 'ती' म्हणायचा
आणि आईला कळायचं कोण ते.

तेरा वर्षांचा होता, टाइनच्या काठी, वॉलसेंडला.
भट्टीवरून कुणीतरी लालबुंद रिव्हेट भिरकावायचं,
बापाने ते पत्र्याच्या डब्यात झेलायचं.
दिवसभर. पगार आठवड्याला सहा शिलिंग.
एकदा एक सुटलं ते मांडीवर.
ती खूण तो आम्हाला दाखवायचा,
दुसऱ्यांचे बाप पदकं दाखवतात तशी.

तळाच्या दोन पत्र्यांमध्ये, जिथे फक्त पोरंच शिरू शकत,
त्याने खिळ्याने नाव कोरलं: कथबर्ट रॉब्सन.
त्यावर शेंदराचा एक हात, दुसरा, तिसरा,
गंज चढू नये म्हणून.

पाण्यात ढकलताना बाटली दोनदा नुसतीच टणकन वाजली,
तिसऱ्यांदा फुटली. टोप्या उडाल्या.
वर्ष उलटायच्या आत दक्षिणेच्या गोदीत
दुसरीच एक उतरली, अजस्र तोफांची, वेगाची,
आणि आमची
रंग वाळायच्या आत म्हातारी झाली.
पाळण्यातच केस पिकलेले.

लढाईत काय केलं तिने?
कुठल्याशा उन्हाळी सामुद्रधुनीत उभं राहून
दोन दिवस एका डोंगरावर गोळे टाकले.
डोंगर होता तिथेच राहिला.
मग तीन हिवाळे ऑर्कनीत नांगरून,
जिथे झाड नाही
आणि वारा डोळ्यांतलं पाणीसुद्धा पळवतो.
शत्रू काही आला नाही.
कोळसा मात्र यायचा, पोत्यांनी, बर्फातून.

एकवीस साली भंगारात निघाली.
दोन टगबोटींनी ओढत इन्व्हरकीदिंगला आणली, भरतीच्या वेळी.
धक्क्यावर गॅसची ज्योत घेऊन माझा बाप उभा.
टाइनवर काम उरलं नव्हतं.
ओळख कुणी कुणाला दिली नाही.

आधी डेकचं सागवान उचकटलं. ब्रह्मदेशचं,
एवढ्या समुद्रानंतरही त्याला तेलाचा वास.
त्याची बाकं झाली, श्रीमंतांच्या बागांसाठी.
मग चिलखत. मग पोट.
तळाशी पोचायला सात महिने.
बापाने प्रत्येक पत्रा उलटून पाहिला,
स्वतःचं नाव सापडलं नाही.

सापडलं दुसरंच, कोळशाच्या कोठीत:
चार उभ्या रेघा, एक आडवी, अशा कितीतरी जुड्या,
खाली ग्विलिम प्रॉबर्ट आणि दोन वेल्श शब्द.
तेवढा तुकडा त्याने कापून घरी आणला.
आई तो दाराला टेकण म्हणून लावायची.

बापाने कुठून कुठून पत्ता काढून पत्र टाकलं.
बहिणीचं उत्तर आलं, वर्षाने.
खाणीत थोरला भाऊ गाडला गेला
म्हणून ग्विलिम बोटीवर पळाला होता.
आगीतून फुफाट्यात.
त्या दोन शब्दांचा अर्थ: पुन्हा कोळसाच.
तो आता नाही, तिने लिहिलं होतं,
पत्रा तुम्हीच ठेवा,
आमच्याकडे काळं पुष्कळ आहे.

ज्योत लावली की आधी शेंदूर जळायचा.
सोळा वर्षांचे थर, धूर होऊन.
जीभ गोड होते, बाप म्हणायचा, हसत.
मग हिरड्यांवर निळी रेघ आली.
मग मनगटं लोंबू लागली,
ओल्या मोज्यांसारखी.
हातातून चमचा सुटायचा
आणि तो बघत राहायचा
खाली, फरशीवर,
जणू तिथे काहीतरी धुमसतंय.

पुरताना पाद्री म्हणाले, धीर धरा.
आई म्हणाली, त्यांनी धरला होता,
डब्यात.

त्या बाकांपैकी एक नगरपालिकेने घेतलं.
समुद्राकडे तोंड करून आहे, मासळीबाजाराच्या मागे.
पितळी पट्टीवर बोटीचं नाव, साल, वजन.
मी बसते कधी कधी, पिशवी टेकवून.
पावसात लाकूड फुगतं,
तेलाचा वास येतो अजून,
आणि उठताना
मोजे कुठेतरी अडकतात.