पन्नाशीच्या आत

मधाच्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर
मादारानं सगळ्यांचे संकल्प लिहून घेतले, जानेवारीत,
बाहेर उणे एकवीस होतं आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.
येजुप्स म्हणाला, गोठ्याचं छप्पर.
दरवर्षी हेच म्हणतो. तरी लिही, म्हणाला.
सासऱ्यांना नवी कवळी हवी होती,
आणि सफरचंदं उतरवून होईपर्यंतचा वेळ.
राइविसचा फोनवरून आला: आयर्लंडातली मशरूमची नोकरी सोडणार.
कधी, ते नाही सांगितलं.
मादारानं आपला गुपचूप लिहिला, फ्रीजवर लावला
आणि नेमक्या अक्षरांवर चुंबक ठेवला.
वेल्गा, तुझं? सासऱ्यांनी विचारलं.
मी काळ्या पावाचं पीठ मळत होते, कोपरापर्यंत चिकट.
म्हटलं, तळं पोहून जाईन. या काठापासून त्या काठाला.
पन्नाशीच्या आत.

कुणी हसलं नाही.
हसले असते तर सोपं होतं, विषय तिथंच मिटला असता.

आता आमचं तळं म्हणजे काही समुद्र नव्हे.
लाटगालेच्या मोठ्या नकाशावर त्याला नावही नाही.
नऊशे मीटर,
सासऱ्यांनी एका हिवाळ्यात बर्फावरून पावलांनी मोजलेलं.
पण माझ्यामागे तीन गाई, मधमाश्यांच्या चौदा पेट्या
आणि दारू सोडलेला एक नवरा.
पहाटे पाचला धारा, संध्याकाळी सहाला धारा,
मधल्या वेळात बटाट्यांना माती लावा,
सासऱ्यांच्या गोळ्या मोजा. पोहणं बसवायचं कुठं?

बसवलं.
बादल्या विसळून पालथ्या घातल्या
की तशीच, गोठ्याचा वास अंगावर घेऊन, पाण्यात.
मे महिन्यात गुडघे बधिर.
जूनअखेर लव्हाळ्यांच्या पुढे चार हात.
मग लिंडनला बहर आला, मध काढायचा होता,
तीन आठवडे तळ्याकडे पाठ.

येजुप्स काही बोलत नसे.
फक्त त्याची होडी बाहेर यायला लागली, रोज, नेमकी त्याच वेळी.
जाळं बघायला, म्हणे.
जाळं होतं पार दुसऱ्या टोकाला.
हे मला माहीत, त्याला माहीत,
माशांनाही माहीत असावं.

ऑगस्टची अठ्ठावीस. वारा पडलेला.
खांबावरचं करकोच्यांचं घरटं चार दिवसांपासून रिकामं.
मी निघाले.
अर्ध्यावर पाणी एकदम गार झालं, तिथं तळाशी झरा आहे,
आणि आठवायला लागलं, म्हणजे मोठं काही नाही,
कोंबड्यांचं दार. लावलं का?
राइविस सहा वर्षांचा असताना विचारायचा,
झऱ्याच्या खाली कोण राहतं?
मी सांगायचे, कुणी नाही.
आता तोच काळोख माझ्या पायांखाली होता
आणि हात मारत मी पुटपुटत होते,
कुणी नाही, कुणी नाही, कुणी नाही.
वल्ह्याचा आवाज थांबला की माझा दम सुटे.
त्यानं ते ओळखलं असावं.
नंतर तो थांबलाच नाही.

पलीकडे काय होतं?
खाजऱ्या पाल्याचं रान, एक फुटका टब, आंतोनिनाची शेळी.
शेळीनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली.
येजुप्सनं टॉवेल दिला. नवा कोरा, किमतीची चिठ्ठी अजून लोंबणारी.
किती दिवस होडीत घेऊन हिंडत होता कोण जाणे.

मग मी वळून बघितलं.
एकोणतीस वर्षं राहते त्या घरात,
इथून कधी बघितलं नव्हतं.
मुठीएवढं. धूर सरळ वर.
सासरे शिडीवर, सफरचंदाच्या झाडात अर्धे बुडालेले,
हजारदा नको म्हटलं तरी.
आणि गोठ्याच्या छपराचे तळ्याकडचे तीन पत्रे
चांगले वीतभर उचकटलेले.
मी बोट दाखवलं.
माहीत आहे, तो म्हणाला.

येताना एक वल्हं मी घेतलं.

कोंबड्यांचं दार उघडंच होतं. मोजल्या, एक कमी.
स्वयंपाकघरात माझी ओळ खोडायला पेन शोधलं,
तर मादाराच्या चिठ्ठीवरचा चुंबक सरकलेला.
तो जागेवर ठेवला, न वाचता.
जवळजवळ न वाचता.