दहापैकी किती

शेवटच्या रात्री दाराखालून फॉर्म सरकला,
'दहापैकी किती?' असं बावीस वेळा विचारणारा.
पेन त्यांचंच. नाव आधीच छापलेलं:
दुईल्यो पेत्रोंचो, त्रिएस्ते, केबिन ८२१४.

तर लिहितो.

जेवण: नऊ.
इतकं होतं की सहाव्या दिवशी
खरबुजाच्या फोडीकडेही मी
परीक्षेच्या पेपरासारखा बघत बसलो.
एक गुण कॉफीचा कापला. त्रिएस्तेच्या माणसाला
कशातही फसवावं, कॉफीत नाही.

केबिन: आठ. रोज संध्याकाळी पलंगावर
टॉवेलचा एक प्राणी. हत्ती, मग हंस,
मंगळवारी जे होतं ते ससा असेल
किंवा नुसता थकवा.
घड्या घालणारी बालीची सुवार्नी.
तिला दहा दिले असते,
पण तिच्यासाठी रकाना नाही.

पोहण्याचा तलाव: चार.
सगळीकडे समुद्र, आणि माणसं भांडली
ती तळ्याकाठच्या खुर्च्यांसाठी.
पहाटे सहाला खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर पुस्तक,
माणूस कुठेच नाही.
सुट्टी खरी खुर्च्यांनीच घेतली.

आवाजाबद्दल कुणी विचारलेलं नाही,
म्हणून समासात लिहितो.
चाळीस वर्षं मी लोकांचे पियानो सुरात लावले.
तिकीट हातात ठेवताना फुल्विया म्हणाली,
'बाबा, आठ दिवस कान घरी ठेवून जा.'
दात काढून ठेवता येतात, कान नाही.
तुमचं इंजिन काळी पाचच्या जरासं खाली घुमतं,
खर्जात, गादीच्या स्प्रिंगांत, माझ्या दाढेत.
तिसऱ्या रात्रीपासून मी त्याच पट्टीत घोरत असणार.

आणि पाचव्या डेकवर, काचेच्या जिन्याखाली,
तो पांढरा पियानो.
मधल्या सप्तकातली पांढरी तीन उतरलेली.
फार नाही, केसभर.
पण केस जेवणात सापडावा, तसा केसभर.
झोर्नित्सा नावाची बाई वाजवायची.
घरातली सैल फरशी आपण न बघता ओलांडतो
तशी ती त्या सुरावरून जायची,
जवळजवळ न टेकता.

कॉर्फू सुटलं, कोटोर यायचं होतं. रात्रीचे साडेतीन.
हो, तारा पिळायची किल्ली बॅगेत होती, मोज्यात गुंडाळलेली.
तपासणीत विचारलं तेव्हा सांगितलं,
गुडघ्याच्या दुखण्याची आहे.
झाकण उचललं तोच तोंडावर बॅटरी.
पहाऱ्यावरचा टेकबहादूर गुरुंग.
'परवानगी नाही,' तो म्हणाला.
'पाच मिनिटं,' मी म्हणालो.
त्याने जिन्याकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं,
आणि बॅटरी पियानोच्या पोटात नीट धरली.

एका सुराच्या तीन तारा.
पहिली शहाण्यासारखी आली, दुसरी तिच्या मागून.
तिसरी रुसलेली. तिला वेळ दिला.
'झालं,' गुरुंग म्हणाला.
'ऐकू आलं तुम्हाला?'
'नाही. तुमचे खांदे खाली आले.'

दुसऱ्या संध्याकाळी चार हजार माणसांत
कुणाला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं,
कप्तानाबरोबर फोटोची रांग लागली होती.
झोर्नित्सा त्या पट्टीपाशी आली,
सवयीने जरा घाईत,
आणि थांबली.
पुन्हा दाबली. पुन्हा एकदा.
मग ती सबंध धून तिने संथ केली,
आणि वाटेत जिथे जिथे ती पट्टी आली
तिथे बोट घटकाभर राहू दिलं.
मान वळवून तिने टेबलांकडे पाहिलं तेव्हा
मी ऑलिव्हच्या बिया मोजत होतो. अकरा होत्या.

मनोरंजन: दहा.

काही सूचना असल्यास:
पियानो खिडकीपासून दोन हात आत घ्या.
दुपारचं ऊन थेट लाकडावर येतं.
सप्टेंबरपर्यंत ती पट्टी पुन्हा उतरेल.

पुन्हा आमच्याबरोबर प्रवास कराल का?
इथे मी आधी 'नाही'वर खूण केली.
मग वरची ओळ पुन्हा वाचली,
आणि तुमचं पेन
चुकून म्हणा, खिशात टाकलं.